सातवी सुई

रॉकेट उडवायचं काम म्हणजे सगळा लोखंडाचा आणि आगीचा कारभार, असं लोकांना वाटतं. तसं ते आहेच. पण त्या लोखंडाच्या आणि आगीच्या मध्ये कुठेतरी एक बाई सुईदोरा घेऊन बसलेली असते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ही त्या बाईची हकीकत.

तिला सगळे मावशी म्हणत. वय पंचावन्नच्या पुढे, बांधा आखूड, बोलणं त्याहून आखूड. तिचे वडील बस आगाराच्या भिंतीला लागून एका खोलीत गाड्यांची आसनं शिवायचे. फाटलेलं रेक्झिन, उसवलेलं कातडं, बसून बसून खचलेल्या गाद्या. मुलगी त्यांच्या शेजारी बसून दोरा मेणातून ओढून द्यायची. शाळेत तिला कोणी शिवण शिकवलं नाही, शिवणाच्या वर्गाला ती गेली नाही. बापाच्या हाताकडे बघत बघत तिचे हात शहाणे झाले, एवढंच.

बाप गेला तेव्हा भावांनी यंत्रं घेतली, खोली घेतली. हिच्या वाट्याला एक सुई आली. बोटभर लांब आणि चंद्रकोरीसारखी वाकडी. जिथे कापडाच्या पाठीमागे हात पोचत नाही तिथे अशी सुई लागते, एका बाजूने शिरते आणि त्याच बाजूने बाहेर येते. चाळीस वर्षं वापरून तिचं टोक थोडं बोथट झालेलं होतं. मावशी म्हणायची, ही सुई भोक पाडत नाही, वाट विचारत जाते.

ती सुई तिच्या कॉलरच्या उलट्या बाजूला टोचलेली असे. शेजाऱ्यांना, दुकानदारांना, घरच्यांना सगळ्यांना ते माहीत होतं.

अकरा वर्षांपूर्वी नवरा गेला आणि घर भाऊजींच्या, म्हणजे धाकट्या दिराच्या पगारावर आलं. भाऊजी प्रक्षेपण केंद्रात हत्यारांच्या कोठीवर होते. त्यांनीच सांगितलं की उपग्रहाचं पांघरूण शिवायला हात चांगला असलेलं माणूस हवंय. मावशीला वाटलं, दीर थट्टा करतोय. थट्टा नव्हती. वर आभाळापलीकडे उन्हाची बाजू तव्यासारखी तापते आणि सावलीची बाजू बर्फाला लाजवेल अशी गारठते. म्हणून उपग्रहाला अंगभर पांघरूण लागतं. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ अशा चंदेरी पत्र्यांचे वीस थर, प्रत्येक दोन थरांमध्ये जाळी, आणि हे सगळं न चुरगळता, न फाडता शिवायचं. मावशी त्याला गोधडी म्हणाली तेव्हा इंजिनियर मंडळी हसली. वर्ष सरायच्या आत तीही गोधडीच म्हणू लागली.

आताचा उपग्रह तिने शिवलेला नववा. एका टेलिफोन कंपनीने तो घडवून घेतला होता. भर समुद्रात चालणाऱ्या जहाजांवर फोन लागावा यासाठी. मावशीचा एकुलता एक मुलगा मालवाहू जहाजावर स्वयंपाकी. जहाज बंदराला लागलं तरच त्याचा आवाज कानी पडायचा, मग तो महिन्याने पडो की दोन महिन्यांनी. भाऊजी चिडवायचे, की वहिनी, हा तुम्ही कंपनीसाठी नाही, लेकासाठीच शिवताय. मावशी म्हणायची, फोन लागेल हो, पण तो उचलेल याची हमी कुठली कंपनी देते?

भाऊजींबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. केंद्रात त्यांना मोजणीदार म्हणत. जिथे उपग्रह ठेवतात त्या दालनात धुळीचा कणही चालत नाही, आणि आत गेलेली प्रत्येक वस्तू बाहेर आलीच पाहिजे असा तिथला कायदा. पाना, पकड, कात्री, सुई, काहीही असो. दालनाच्या दारापाशी भाऊजींची खिडकी, आणि खिडकीमागे एक पाटी. पाटीवर प्रत्येक हत्याराची काळी आकृती रंगवलेली. हत्यार जागेवर नसलं की ती आकृती पडलेल्या दातासारखी उघडी दिसते. सगळे दात बसल्याशिवाय भाऊजी कोणाला घरी सोडत नसत. लोक म्हणायचे, साक्षात यम आला तरी हा आधी त्याचा दोर मोजून घेईल.

मावशीच्या सुयांचा डबा त्याच पाटीवर. डब्यात सहा खाचा, सहा वाकड्या सुया, प्रत्येकीच्या नाकात लाल दोरी. उपग्रहाशेजारच्या वर-खाली होणाऱ्या फळीवर चढलं की दोरी मनगटाला बांधायची, म्हणजे सुई हातून सुटली तरी आत पडत नाही.

पण कोठीच्या सुया नव्या आणि धारदार. त्या वाट विचारत नाहीत, पत्रा कापतच जातात. पहिल्या दोन वर्षांत मावशीने तक्रार केली, उत्तर आलं नाही. मग एक दिवस तिने आपली सुई हातमोज्याच्या पट्टीत खोचली आणि आत गेली. टाका असा बसला की तपासणाऱ्याने भिंगातून दोनदा पाहिला. तेव्हापासून दर वेळी सहा सुया डब्यातून आत जायच्या, सातवी हातमोज्यातून. सहा कोऱ्या परत यायच्या, आणि सातवी कॉलरला. भाऊजी बाकीच्यांचे हातमोजे उलटे करून बघत. वहिनींचे कधी बघितले नाहीत. घरातल्या मोठ्या माणसाचा हात झाडून बघायचा, हे त्यांना जमलं नसावं.

त्या दिवशी सकाळी नऊ वाजता मावशी फळीवर चढली. उपग्रहात इंधन भरून झालं होतं. ज्या तोंडातून भरलं, तिथली गोधडीची हातरुमालाएवढी झडप तेवढी उघडी राहिली होती. ती बंद करणं हे गोधडीचं शेवटचं काम. दुपारी तीनला रॉकेटच्या टोपीचे दोन अर्धे भाग दोन्ही बाजूंनी येऊन उपग्रहाला पोटात घेणार होते. टोपी बसली की आतलं जग मिटलं. मग गाडीवरून उड्डाणाच्या तळापर्यंत, आणि परवा आभाळात.

टाके पूर्ण झाले तेव्हा साडेदहा वाजले होते. खालून कोणीतरी विचारलं की झालं का, पुढचे लोक खोळंबलेत. मावशीने शेवटची गाठ मारली, वरून चिकटपट्टी दोन्ही हातांनी दाबून बसवली, फळी खाली आली. सहा सुया खिडकीत दिल्या. भाऊजींनी मोजल्या, डबा पाटीवर अडकवला, सही केली. पाटीचे सगळे दात जागेवर होते.

दुपारी जेवणाच्या खोलीत भाऊजी समोर येऊन बसले. त्यांच्या सदऱ्याचं मधलं बटण एका धाग्यावर लोंबत होतं. मावशीने डब्यातला घास तोंडात ठेवला, आणि नेहमीसारखा हात कॉलरच्या मागे नेला.

तिथे काही नव्हतं.

तिने दुसऱ्या बाजूला पाहिलं. बाही चाचपली. घास तसाच गालात राहिला.

"काय झालं?" भाऊजींनी विचारलं.

"सुई नाही."

भाऊजी म्हणाले, राहिली असेल घरी, बटणाचं काय एवढं. मग त्यांनी मावशीचा चेहरा पाहिला आणि हातातला चमचा खाली ठेवला.

"वहिनी, सहा गेल्या, सहा आल्या. पाटी भरलेली आहे. माझी सही आहे."

"सात गेल्या, भाऊजी."

पुढचा तासभर दोघांनी काय काय उलटंपालटं केलं याला सुमार नाही. कपडे बदलायच्या खोलीतला बाक, बाकाखालची जमीन, वापरलेल्या झग्यांची टोपली, हातमोज्यांची पिशवी. भाऊजींनी प्रत्येक हातमोजा उलटा केला. सकाळी जे केलं नव्हतं ते आता दहा वेळा केलं. घड्याळात दोनला दहा कमी होते.

भाऊजींनी विचारलं, की शेवटी कुठे टोचली होती ते आठवतंय का. मावशीने डोळे मिटले. डोकं काही सांगेना, म्हणून तिने हातांना विचारलं. रिकाम्या हातांनी गाठ मारली, दोरा कापला, आणि चिकटपट्टी घ्यायला दोन्ही हात मोकळे करायचे तर उजवा हात आपसूक खाली, उजवीकडे गेला आणि हवेत सुई टोचून परत आला. बापाच्या दुकानात ती चाळीस वर्षांपूर्वी अशीच टोचायची, आसनाच्या कडेला, कामातच. सुई हरवू नये म्हणून.

"झडपेखालच्या घडीत आहे," ती म्हणाली. "मीच ठेवली."

भाऊजी टोपलीच्या काठावर बसले. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, की सुई ती केवढीशी आणि ते रॉकेट केवढं.

मावशी म्हणाली, "मुंगी पण केवढीशी असते. हत्तीच्या सोंडेत शिरली म्हणजे?"

मग भाऊजींनी मनातलं सगळं बाहेर काढलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे. अकरा वर्षांपूर्वी साहेबांसमोर उभं राहून वहिनींचं नाव कोणी सुचवलं होतं, तेही त्यांनी काढलं, आणि काढल्यावर त्यांची मान आपोआप खाली गेली. सुई घडीतच राहील, वीस थरांत रुतलेली सुई जाते कुठे, असं ते दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणताना आवाज पहिल्याहून बारीक होता.

शेवटी ते उठले. "तुम्ही मला काही सांगितलं नाही," ते म्हणाले. "मी काही ऐकलं नाही." आणि लोंबतं बटण तसंच घेऊन खिडकीकडे निघून गेले.

मावशी शिवणखोलीत येऊन बसली. या खोलीची एक भिंत काचेची, तिच्यातून दालन दिसतं. उपग्रह मधोमध उभा होता, तिने शिवलेली चंदेरी गोधडी अंगावर घेऊन. आरपार दिसणाऱ्या पडद्याआड पांढऱ्या झग्यांतली माणसं मुंग्यांसारखी फिरत होती. वरची क्रेन हलली. टोपीचा पहिला अर्धा भाग जमिनीवरून सुटला आणि गरोदर बाईने पावलं टाकावीत तसा हळूहळू पुढे येऊ लागला.

दोन वाजून पंचवीस मिनिटं.

तिने मनाशी पुष्कळ हिशेब केले. पहिला लेकाचा. उपग्रह बिघडला तर त्याचा फोन पूर्वीसारखाच दोन महिन्यांनी येईल, त्याने काही आभाळ कोसळत नाही. दुसरा दिराचा. ज्याने पडत्या काळात हात दिला, त्याच हाताला आपण चावायचं का? हा हिशेब काही केल्या सुटेना. तिसरा हिशेब मात्र वेगळाच निघाला. वर गेल्यावर काही बिघडलं तर सुई कोणाला दिसणार नाही. पाटी भरलेली, सही झालेली. मग लोक दुसरं कोणीतरी शोधतील. तारा जोडणारी ती चष्मेवाली मुलगी असेल, नाहीतर नळ्या बसवणारा म्हातारा. कोणाच्या तरी माथी खापर फुटेल, आणि मावशी जेवणाच्या खोलीत बसून ते ऐकत राहील. घास गालात धरून.

दालनाच्या दारापाशी एक पिवळं बटण आहे. त्याच्यावर लिहिलंय, की काम कोणीही थांबवू शकतो. कोणीही म्हणजे झाडूवालासुद्धा. नव्या माणसाला पहिल्या दिवशी ते दाखवतात आणि सगळे माना डोलावतात. मावशीच्या अकरा वर्षांत त्याला कोणी हात लावला नव्हता. त्याच्यावर धूळ मात्र नव्हती, कारण तिथे धूळ कुठेच नसते.

ती उठली. पंचेचाळीस पावलं होती. भाऊजींच्या खिडकीसमोरून जावं लागलं. तिने तिकडे पाहिलं नाही. त्यांनी पाहिलं असावं.

तिने बटण दाबलं. घंटा वाजली आणि क्रेन जागच्या जागी थांबली. टोपीचा अर्धा भाग अधांतरी लटकत राहिला. सगळी पांढरी माणसं होती तिथे उभी राहिली आणि दाराकडे बघू लागली.

"थांबा," मावशी म्हणाली. आता ते म्हणायची काही गरज नव्हती.

मुख्य बाई बाहेर आल्या. दालनाचा सगळा भार त्यांच्यावर. चाळिशीच्या, काटकुळ्या, आणि रागावल्या की आवाज चढण्याऐवजी उतरायचा. त्यांनी विचारलं काय आहे. मावशीने सांगितलं, सुई आहे, आत, झडपेखाली. त्यांनी विचारलं कोठीची कोणती. मावशी म्हणाली कोठीची नाही, माझी.

"आत आली कशी?"

"मी दाखवली नाही."

"तपासली कोणी, असं विचारतेय मी."

मावशी गप्प राहिली. आयुष्यभर कमी बोललेली बाई, तिला गप्प बसणं जड जात नसे. त्या घटकेला मात्र गेलं. खोटं तिला बोलता येईना आणि खरं बोलवेना.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. भाऊजी खिडकीतून बाहेर आले होते. सदऱ्याचं बटण आता निघूनच गेलं होतं, त्या जागी त्यांनी मुठीत कापड धरलेलं.

"मी बघितलंच नाही, मॅडम," ते म्हणाले. "वहिनी आहे म्हणून. कधीच बघितलं नाही."

मुख्य बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग एवढंच म्हणाल्या, की झगा चढवा मावशी, कुठे टोचलीय ते तुमच्या हाताशिवाय कोणाला कळणार.

दोघी फळीवर चढल्या. मावशीच्या मनगटाला कात्री बांधलेली, चिमटा बांधलेला. भाऊजींनी त्या गाठी स्वतः मारल्या आणि या वेळी हातमोजे दोन्ही बाजूंनी पाहिले. मावशीने चिकटपट्टी सोडवली. सकाळी घातलेले टाके एकेक कापले. आपलं काम आपणच उसवणं किती अवघड असतं, हे शिवणाऱ्यालाच कळतं. मग तिने घडीत बोट घातलं.

जिथे हात म्हणाला होता तिथे सुई नव्हती.

मुख्य बाईंचा श्वास मास्कमधून ऐकू येत होता. खाली वीस माणसं वर बघत होती. मावशीने बोट काढलं, थांबली, आणि विचारलं की सकाळनंतर उपग्रह हलवला होता का. हो, अकरा वाजता तो पाव फेरा फिरवला होता. मग सुई आपली वाट शोधत गेली असणार. वाकडी सुई वाकडीच चालते. तिने बोट खाली नाही, डावीकडे नेलं. थरामागून थर. दोन बोटं आत, शिवणीच्या पलीकडे, काहीतरी कठीण लागलं.

चिमट्याने तिने ती काढली. मुख्य बाईंनी छोट्या दिव्याने आत पाहिलं. शेवटच्या थरातून टोक पार झालेलं होतं. आत तारांची जुडी होती, आणि तिच्या वेष्टणावर नखाने ओढावी तशी एक बारीक रेघ. रॉकेटच्या थरथराटात त्या रेघेची भेग व्हायला किती वेळ लागला असता, हे मुख्य बाईंनी सांगितलं नाही. मावशीने विचारलं नाही.

तार बदलून सगळं पुन्हा तपासण्यात उड्डाण चार दिवस पुढे गेलं. झडप पुन्हा मावशीनेच शिवली, कोठीच्या सुईने, लाल दोरी मनगटाला बांधून. दुप्पट वेळ लागला. मुख्य बाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी विचारलं की ही सुई आणि ती सुई यात फरक काय. मावशीने सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. खाली उतरल्यावर त्यांनीच दोघांच्या हातात कागद दिले. चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही. बापाची सुई पाकिटात गेली, पाकिटावर शिक्का बसला.

घरी ते चार दिवस भांडी जोरात वाजली. जाऊ आदळआपट करणारी नव्हे, पण ताट ठेवताना आवाज व्हायचा तो व्हायचाच. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "जाऊबाई, एवढं खरं बोलायचं होतं तर सकाळीच बोलायचं होतं. निदान एकाचीच नोकरी गेली असती." त्यात चूक काहीच नव्हती. भाऊजी दोघींच्या मधून पाण्याचा तांब्या घेऊन जायचे.

उड्डाणाच्या दिवशी दुपारी मावशी एकटीच निघाली. केंद्राच्या कुंपणाबाहेर जुन्या रस्त्यालगत एक मातीचा बांध आहे, तिथून तळ दिसतो. काडीएवढं पांढरं रॉकेट. थोड्या वेळाने शेजारी कोणी येऊन बसलं. ते भाऊजी होते. सदऱ्याला अजून बटण नव्हतं, तिथे टाचणी लावलेली.

कोणाच्या तरी गाडीतला रेडिओ उलटे आकडे मोजत होता. शून्याला आधी उजेड आला, आवाज नाही. काडीच्या बुडाशी पांढरा ढग फुगला, काडी उचलली गेली, आणि मग आवाज आला. तो कानात नाही, छातीत वाजतो. मावशी आपल्या हाताकडे बघत होती. उजवा हात मांडीवर आपोआप चालला होता. गाठ मार, दोरा काप, पट्टी दाब.

रॉकेट ढगाआड गेलं, लोक पांगले. ही दोघं बसून राहिली. खरी परीक्षा अजून पुढे होती. वर गेल्यावर टोपी उघडायची, उपग्रह सुटायचा, त्याने आपले पंख पसरायचे. त्याला तासाभरावर वेळ जातो. भाऊजींनी खानावळीतल्या आचाऱ्याला सांगून ठेवलं होतं. त्याची खिडकी नियंत्रण कक्षाच्या समोर. टाळ्या पडल्या की त्याला ऐकू येतात.

ऊन उतरायला लागलं तेव्हा भाऊजींचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, हं म्हणाले, पुन्हा हं म्हणाले, आणि फोन खिशात टाकला.

"टाळ्या पडल्या, पंख उघडले," ते म्हणाले. "म्हणजे तारा शाबूत आहेत."

मावशीने मान हलवली. बांधाची माती मुठीत घेतली, सोडली. घरी जायला हवं होतं.

भाऊजींनी खिशातून कागदाची पुडी काढून तिच्यापुढे धरली. सोबत एक पांढरं बटण. येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतल्या सुया, ते म्हणाले. साध्याच आहेत, सरळ. आता टाचणी फार टोचते.

मावशीने पुडी हातात घेतली, पण उघडली नाही.

"किती आहेत?"

"मोजल्या नाहीत."

तिने पुडी त्यांच्या हातात परत दिली.

"आधी मोजा," ती म्हणाली.

भाऊजींनी पुडी मांडीवर उलगडली, आणि एकेक सुई बाजूला काढत मोठ्याने मोजायला लागले.